समुद्रतळावरचे नरसाळे

१२ जुलै २०१०. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, मेक्सिकोच्या आखातात, एका जहाजावरून सुमारे ७५ टन वजनाचे पोलादी टोपण हळूहळू पाण्यात सोडले जात होते. खाली दीड किलोमीटर पाणी होते आणि तळाशी एक फुटकी तेलविहीर जवळपास बारा आठवडे तेल आणि वायू ओकत होती. २० एप्रिलच्या रात्री ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या तेलफलाटावर स्फोट झाला. अकरा कामगारांचा जीव गेला, दोन दिवसांनी जळता फलाट बुडाला आणि ‘मकोंडो’ नावाच्या त्या विहिरीचे तोंड उघडेच राहिले. त्याच तोंडावर हे टोपण बसवायचे होते. विहिरीच्या माथ्यावरच्या यंत्रणेचे भोक जेमतेम ४८ सेंटिमीटरचे. टोपण त्याच्या बरोबर वर, सरळ आणि न आदळता टेकले पाहिजे, एवढीच अट होती.

टोपण बसले. तीन दिवसांनी, १५ जुलैला, त्याच्या झडपा बंद केल्या आणि ८७ दिवस चाललेली गळती थांबली. तोवर अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ४९ लाख पिंपे तेल विहिरीतून बाहेर पडले होते.

या अपघाताची चर्चा झाली ती तेलात माखलेल्या पक्ष्यांची, बुडालेल्या मासेमारीची, कंपन्यांच्या बेपर्वाईची आणि नुकसानभरपाईची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या सगळ्याच्या तळाशी एक साधा प्रश्न होता आणि अभियंते तो निदान पन्नास वर्षे सोडवत आले होते. जिथे हात पोहोचत नाही आणि नजरही पोहोचत नाही, तिथे एक जड वस्तू दुसऱ्या वस्तूवर नेमकी कशी बसवायची?

दोरीच्या टोकाचे ओझे

आडात पडलेली कळशी गळ टाकून काढण्याचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रश्नाची थोडी कल्पना येईल. वरून दोर हलवला की खाली गळ हलतो, पण लगेच नाही आणि हव्या तेवढाच नाही. कळशी दिसत नसते, दोराला बसणाऱ्या हिसक्यावरून अंदाज घ्यायचा असतो. इथे आड पंधरा मीटरचा असतो, पाणी स्थिर असते आणि दोर धरणारा माणूस घट्ट जमिनीवर उभा असतो.

समुद्रात यातले काहीच नसते. दोर धरणारे जहाज स्वतःच लाटांवर वरखाली होते, डोलते आणि वळते. त्याच्या वरखाली होण्याबरोबर खाली लोंबणारे ओझेही वरखाली होते. ओझे तळापासून दोन मीटर उंचीवर आणून ठेवले आणि लाटेने जहाज दोन मीटर खाली बसले, तर पन्नास टनांचे यंत्र थेट तळावर आदळते. वाटेत प्रवाह असतात आणि ते वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळ्या दिशांना वाहतात. तार उभ्या रेषेपासून फक्त एक अंश कलली, तर दीड किलोमीटर खाली तिचे टोक सुमारे २६ मीटर बाजूला गेलेले असते.

शिवाय एवढ्या लांब तारेला लटकलेले ओझे म्हणजे एक प्रचंड लंबकच. शाळेत शिकवलेले लंबकाचे सूत्र लावले, तर १५०० मीटर लांबीच्या लंबकाला एक झोका पुरा करायला सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागतो. पाण्याच्या विरोधामुळे हा काळ आणखी लांबतो. जहाज एक मीटर डावीकडे घेतले, तर त्याचा परिणाम तळाशी दिसायला वाट पाहावी लागते. घाई करून आणखी एक मीटर घेतले, की ओझे ठरलेल्या जागेच्या पलीकडे जाते. अशा कामात कुशल माणसाचे पहिले लक्षण म्हणजे थांबता येणे.

नजरेचेही तसेच. सूर्यप्रकाश समुद्रात दोनशे मीटरच्या खाली क्षीण होत जातो आणि एक किलोमीटरखाली तो उरतच नाही. ज्या उपग्रहांच्या भरवशावर आपला मोबाइल रस्ता दाखवतो, त्यांच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. म्हणजे जहाज कुठे आहे हे वर नेमके कळते, पण त्याने सोडलेली वस्तू कुठे आहे हे कळत नाही.

मग माणूसच खाली का पाठवू नये? उथळ समुद्रात तसे केले जाते. पण त्याला शरीराची मर्यादा आहे. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला वायू रक्तात आणि पेशींत विरघळतो. पाणबुडा झटपट वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यावर येतात तसे त्या वायूचे बुडबुडे शरीरात तयार होतात. त्यामुळे सांधे असह्य दुखतात, कधी लकवा येतो, कधी जीवही जातो. म्हणून खोल कामाचे पाणबुडे हेलियम आणि ऑक्सिजनचे मिश्रण श्वासात घेत, जहाजावरच्या दाबयुक्त खोलीत अनेक दिवस राहतात. काम संपल्यावर तो दाब उतरवायला सर्वसाधारणपणे प्रत्येक ३० मीटर खोलीमागे एक दिवस आणि वर आणखी एक दिवस लागतो. एवढे करूनही नेहमीच्या कामाची मर्यादा सुमारे ३०० मीटर. त्याखाली यंत्राने यंत्राला भेटायचे असते.

चार तारा, चार खांब

या अडचणीवर तेल उद्योगाने शोधलेले पहिले उत्तर अगदी साधे होते. वाट दिसत नसेल, तर वाटच तारेने बांधून टाकायची.

तरंगत्या जहाजावरून विहीर खणताना सर्वांत आधी एक जड पोलादी चौकट तळावर ठेवली जाई. तिच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या चार पोलादी तारा जहाजापर्यंत ताणलेल्या असत. पुढे विहिरीच्या तोंडाशी जी कायमची चौकट बसे, तिला चार उभे खांब असत. विहिरीच्या मध्यापासून प्रत्येक खांब ६ फुटांवर. हे अंतर उद्योगात प्रमाण ठरले, त्यामुळे एका कारखान्यात बनलेले यंत्र दुसऱ्या कारखान्याच्या चौकटीवर बसू शके. खाली सोडायच्या प्रत्येक यंत्राला चार बाजूंना चार पोकळ नळ्या असत आणि त्यांचे खालचे तोंड घंटेसारखे पसरट असे. तारा या नळ्यांतून ओवायच्या आणि यंत्र सोडायचे. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकाव्यात तसे ते तारांवरून घसरत खाली जाई, नळ्या खांबांवर चढत आणि यंत्र आपोआप नेमक्या जागी व नेमक्या दिशेला बसे.

यात एक मेख होती. जहाज वरखाली होत असताना तारा सैल पडता कामा नयेत आणि तुटताही कामा नयेत. त्यासाठी प्रत्येक तार जहाजावर कप्प्यांवरून फिरवून दाबाखालच्या हवेने चालणाऱ्या सिलिंडरला जोडत. जहाज वर गेले की सिलिंडर तार सोडणार, खाली आले की ओढून घेणार. ताण कायम तेवढाच राहणार.

ही पद्धत दशकानुदशके चालली आणि उथळ पाण्यात आजही चालते. पण पाणी काही शे मीटरच्या पुढे गेले की तारा एकमेकींत आणि विहिरीच्या नळीत गुंततात. त्यातच फार खोल पाण्यात नांगर टाकून उभे राहणे अवघड असते. जहाज पंख्यांच्या जोरावर एका जागी तरंगत ठेवावे लागते आणि वाऱ्या-लाटांच्या दिशेप्रमाणे ते वळवावेही लागते. जहाज वळले की चार तारांचा पीळ पडतो. वाट दाखवणारी तारच मग अडथळा होऊन बसते.

भोक सापडेना

खोल पाण्यातले उत्तर तेल कंपन्यांच्या आधी विज्ञानाच्या गरजेतून पुढे आले.

पृथ्वीचे कवच आणि त्याखालचे प्रावरण यांच्या मधल्या सीमेला, ती १९०९ मध्ये शोधणाऱ्या आंद्रिया मोहोरोविचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘मोहो’ म्हणतात. जमिनीवर ती फार खोल असते, समुद्राखाली तुलनेने जवळ. तेव्हा समुद्रतळालाच भोक पाडून तिथवर पोहोचावे, अशी ‘मोहोल’ योजना अमेरिकी शास्त्रज्ञांनी आखली. १९६१ च्या वसंतात ‘कस-वन’ हे जहाज मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्यावर उभे राहिले. नांगर पोहोचणे शक्यच नव्हते. म्हणून जहाजाला फिरती चार इंजिने जोडली होती. भोवती तरंगते बोये पेरले होते आणि त्यांच्यापासूनचे अंतर पाहत एक चालक दांडा हलवून जहाज जागच्या जागी धरून ठेवत होता. हा प्रयोग पाहायला कादंबरीकार जॉन स्टाइनबेक जहाजावर होते, ‘लाइफ’ मासिकाचे वार्ताहर म्हणून.

तळाखाली १८३ मीटर खणून झाले आणि शेवटी बेसॉल्ट खडकही लागला. पण मोहो अजून काही किलोमीटर दूर होती. खणताना बिट झिजते आणि ते बदलायचे तर सगळी नळी वर काढावी लागते. पुन्हा सोडायची तर साडेतीन किलोमीटर खाली, काळोखात, तेच वीतभर भोक शोधायचे. ते कसे, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडे नव्हते. एक बिट जेवढे टिकेल तेवढीच विहिरीची खोली. खर्च वाढत गेला आणि १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने योजना बंद केली.

दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, ‘ग्लोमार चॅलेंजर’ हे जहाज समुद्रतळाचे नमुने घ्यायला निघाले. समुद्राचा तळ मधल्या कड्यांपासून दोन्ही बाजूंना पसरतो, या सिद्धान्ताला याच जहाजाने भक्कम पुरावा दिला. पण त्यालाही तीच अडचण आली. गाळाच्या थरांत मध्येच ‘चर्ट’ नावाचा गारगोटीच्या जातीचा कठीण खडक लागे, बिट झिजे आणि भोक सोडून द्यावे लागे.

१४ जून १९७० रोजी न्यूयॉर्कच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये, सुमारे ३००० मीटर पाण्यात, हा अडथळा दूर झाला. उपकरण होते चक्क नरसाळे. घरात अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओतताना वापरतो तेच, फक्त पोलादी आणि सुमारे ५ मीटर रुंद तोंडाचे. भोकाच्या तोंडाशी ते तळावर ठेवून दिले. त्याच्या कडेवर आवाज चांगला परतवणारे परावर्तक लावलेले होते. झिजलेले बिट बदलून नळी पुन्हा खाली सोडली आणि तिच्या आतून एक सोनार उतरवला. तो भोवताली आवाज सोडून प्रतिध्वनी ऐके. नरसाळ्याची कड पडद्यावर उमटली की जहाज जरा जरा सरकवत नळी त्याच्या तोंडावर आणायची आणि सोडायची. वीतभर भोक शोधण्याऐवजी आता पाच मीटरचे तोंड गाठायचे होते. उरलेले काम उतार करणार होता.

उतार आणि पीळ

नरसाळ्याची ही युक्ती पुढे सगळ्या खोल समुद्री कामाचा पाया झाली. तारांशिवाय बसणाऱ्या यंत्रांत कधी खालच्या भागाला वर तोंड करून नरसाळे असते, तर कधी वरून येणाऱ्या यंत्रालाच खाली तोंड केलेले नरसाळे असते आणि ते विहिरीच्या माथ्यावर टोपीसारखे उतरते. दोन्हींमागचा हिशेब एकच. चूक किती मोठी असू शकते ते आधी मोजायचे आणि त्याहून नरसाळ्याचे तोंड मोठे करायचे. उतार फार पसरट असेल तर यंत्र त्यावर अडून बसते. फार उभा असेल तर तोंड पुरेसे रुंद होत नाही. मधला उतार साधला, की यंत्राचे वजनच त्याला मध्यावर आणते. त्यासाठी वीज लागत नाही, संगणक लागत नाही आणि माणूसही लागत नाही.

पण नुसते मध्यावर येणे पुरत नाही. तेलविहिरीच्या माथ्यावर बसणाऱ्या झडपांच्या जुडग्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. त्यात तेलाची नळी, दाबाच्या नळ्या आणि विजेच्या तारा या सगळ्यांचे जोड ठरलेल्या दिशेलाच असतात. यंत्र मध्यावर बसले, पण चार अंश फिरलेले बसले, तर त्यातला एकही जोड जुळत नाही.

त्यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली, दोन खांब आणि त्यातला एक उंच. यंत्राची एक नळी आधी उंच खांबावर चढते. आता यंत्र बाजूला जाऊ शकत नाही, फक्त त्या खांबाभोवती फिरू शकते. मग ते सावकाश फिरवून दुसऱ्या, ठेंगण्या खांबावर आणायचे. दोन अडचणी एकदम सोडवण्याऐवजी एकामागून एक सोडवायच्या.

दुसरी युक्ती पिळाची. नळीच्या आत जिन्यासारखा वळत जाणारा उतार कोरलेला असतो आणि त्याच्या शेवटी एक उभी खाच. वरून येणाऱ्या भागाला बाहेर आलेली एक खुंटी असते. ती उताराच्या कोणत्याही भागावर टेकली, तरी वजनाने घसरत, स्वतःबरोबर संपूर्ण यंत्र फिरवत, अखेर खाचेत जाऊन बसते. खटका दाबून उघडणाऱ्या बॉलपेनमध्ये तिरप्या दातांवरून घसरत आतला भाग दर वेळी थोडा फिरतो, त्याचाच हा मोठा भाऊ.

सगळ्यांत शेवटी प्रश्न आदळण्याचा. जहाजावरची यंत्रणा लाट मोजते आणि जहाज वर गेले की तेवढी तार सोडते, खाली आले की तेवढी ओढते. तरीही थोडी हालचाल उरतेच. म्हणून नाजूक जोड असलेली यंत्रे आधी आपल्या पायांवर टेकवतात. त्या वेळी जोडांची तोंडे एकमेकांपासून दूरच असतात. मग हायड्रॉलिक सिलिंडर शेवटचे काही सेंटिमीटर सावकाश मिटवत नेतात. जहाजाच्या डोलण्याचा त्या शेवटच्या जुळणीशी संबंध उरत नाही.

आवाजाच्या मापाने

पाच मीटर तोंडाचे नरसाळे उपयोगी पडते ते यंत्र त्या पाच मीटरच्या आत आणता आले तरच. हे काम आवाज करतो.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. खाली सोडलेल्या यंत्रावर एक ध्वनिउत्तरक बसवतात. जहाजाने हाक दिली की तो उत्तर देतो. दीड किलोमीटर खोलीवरून हाक आणि उत्तर यांत दोन सेकंद जातात. वेळेवरून अंतर कळते आणि उत्तर कोणत्या कोनातून आले त्यावरून दिशा. पण कोनातली बारीकशी चूकही खोलीबरोबर वाढत जाते आणि दीड किलोमीटरवर काही मीटरची होऊ शकते.

अधिक अचूकता हवी असेल तर तळावरच तीन-चार किंवा अधिक उत्तरके ठेवतात आणि यंत्राचे प्रत्येकापासूनचे अंतर मोजतात. मग जहाज कितीही वर असो, माप तळावरच्या तळावर घेतले जाते आणि चूक सेंटिमीटरांच्या भाषेत येते. याच पद्धतीने दोन बसवलेल्या यंत्रांमधले नेमके अंतर आणि कोन मोजतात आणि त्या मापाची जोडनळी वर तयार करून मग खाली पाठवतात, शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा तशी.

शेवटची नजर असते आरओव्हीची, म्हणजे जहाजावरून केबलच्या आधाराने चालवल्या जाणाऱ्या, दिवे, कॅमेरे आणि यांत्रिक हात असलेल्या बिनमाणसाच्या यानाची. त्याचा चालक वर खुर्चीत बसून पडदा पाहतो. यंत्राच्या कडांना ठळक रंगाचे पट्टे आणि अंक असतात ते त्याच्यासाठीच. गाळ उसळला की तोही आंधळा होतो. मग थांबायचे आणि गाळ बसू द्यायचा.

अशी ही साखळी आहे. उपग्रह जहाजाला जागा दाखवतो, आवाज यंत्राला काही मीटरच्या आत आणतो, कॅमेरा हातभर अंतरावर आणतो आणि शेवटचे काम पोलादाचा आकार करतो. एकही कडी दुसरीचे काम करू शकत नाही.

आपल्या समुद्रात

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या ‘मुंबई हाय’मध्ये १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेल शोधले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर, त्यामुळे फलाट थेट तळावर पाय रोवून उभे राहतात आणि दुरुस्तीला पाणबुडे उतरू शकतात. पण जुळवणीची विद्या तिथेही तीच. फलाटाचा वरचा मजला क्रेनने उचलून पायांवर ठेवताना त्याच्या खांबांना खाली निमुळते शंकू असतात. शंकू खालच्या पायांच्या पोकळ तोंडात शिरले, की शेकडो टनांचा मजला आपोआप जागेवर येतो. वाळूत रोवायचे लांब पाइल पायांजवळच्या नळ्यांत घालायचे, तर त्या नळ्यांची तोंडेही नरसाळ्यासारखी पसरट असतात.

पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर गोष्ट वेगळी आहे. तिथल्या ‘आर क्लस्टर’ वायुक्षेत्रात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन सुरू झाले. पाणी दोन किलोमीटरहून खोल, म्हणजे मकोंडोपेक्षाही अधिक. जानेवारी २०२४ मध्ये ओएनजीसीच्या ९८/२ या खोल समुद्रातल्या क्षेत्रातून पहिले तेल आले. एवढ्या खोलीवर पाणबुड्याचा हात पोहोचत नाही. सगळी भिस्त नरसाळी, खांब, आवाज आणि आरओव्ही यांवर.

२०१५ मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’चा वारसा सांगणारे ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ अरबी समुद्रात आले. गोव्यातल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे सहप्रमुख होते. जहाज कोलंबोहून निघाले आणि मे अखेरीस मुंबईत आले. दरम्यान लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटरहून अधिक पाण्याखाली, तळात अकराशे मीटरपर्यंत खणले गेले. या जहाजाची रीतही नरसाळ्याचीच होती. कधी पक्के नरसाळे तळावर बसवायचे, कधी दोन अर्धुके नळीभोवती जोडून नळीवरूनच घरंगळत खाली सोडायचे आणि मग नळीवरून उतरवलेल्या कॅमेऱ्याने भोक गाठायचे. त्या गाळातून मान्सूनचा आणि हिमालयाच्या झिजेचा लाखो वर्षांचा इतिहास हाती आला. शिवाय सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राखाली कोसळलेल्या एका अवाढव्य दरडीचा थर सापडला. तिला ‘नटराज’ नाव मिळाले.

टोपण बसले ते का

आता पुन्हा मकोंडोकडे. तिथे पहिला मोठा प्रयत्न मे महिन्यात झाला, शंभर टनांच्या आसपासच्या एका पोलादी घुमटाचा. तो गळतीवर नेमका उतरवला गेला. जागा चुकली नव्हती, चुकला तो हिशेब. दीड किलोमीटर खोलीवर पाणी अवघे चार-पाच अंश सेल्सिअसचे आणि दाब वातावरणाच्या सुमारे दीडशेपट असतो. अशा थंडीत आणि दाबात नैसर्गिक वायू पाण्याशी मिळून बर्फासारखे स्फटिक बनवतो. घुमटात ते साचले, वरचे तोंड बुजले आणि पाण्याहून हलक्या स्फटिकांनी घुमटच उचलायला सुरुवात केली. तो बाजूला ठेवावा लागला.

जूनमध्ये वाकलेली नळी कापून वर एक सैल टोपी ठेवली. नळी कापायला लावलेली हिऱ्याची करवत अडकली, म्हणून मोठ्या कात्रीने काप घेतला आणि तो वेडावाकडा आला. टोपी नीट चपखल बसलीच नाही. थोडे तेल गोळा झाले, बाकीचे वाहतच राहिले.

जुलैतल्या टोपणाने दोन्ही चुकांतून धडा घेतला होता. विहिरीच्या माथ्यावरचा जोड जहाजाच्या डेकवर माणसांनी बोल्ट आवळून करण्याच्या जातीचा होता. त्यावर कधी दीड किलोमीटर पाण्याखाली काही आणून बसवावे लागेल, अशी त्याची घडण नव्हती. तिथे नरसाळे नव्हते, खांब नव्हते, आणि वरचा सांधाही थोडा कललेला होता. म्हणून काम दोन पायऱ्यांत वाटले. आधी सहा मोठे बोल्ट काढून तुटक्या नळीचा उरलेला तुकडा दूर केला. मग एक मधला जोड खाली नेला. त्याची खालची बाजू जुन्या जोडाशी जुळणारी आणि वरची बाजू समुद्राखालच्या जुळणीसाठीच घडवलेली. अवघड जुळणी या तुलनेने हलक्या तुकड्याने, आरओव्हींच्या हातांनी बोल्ट आवळून झाली. त्यानंतर ७५ टनांच्या टोपणाला बसायला योग्य जागा तयार होती. शिवाय टोपण उतरताना त्याच्या झडपा उघड्या ठेवल्या होत्या. तेल मधून वाहत राहिले, त्यामुळे स्फटिक साचले नाहीत आणि प्रवाहाने टोपण ढकलले गेले नाही. बसल्यावर, कुलूप लागल्यावर, मगच तोंडे मिटली.

विहीर कायमची बुजवण्यासाठी बाजूने दुसरी विहीर खणून मूळ विहीर गाठावी लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच किलोमीटर खाली, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी नळीचा वेध घ्यायचा होता. तिथे आवाज नाही की कॅमेरा नाही. खडकात वीजप्रवाह सोडला की जुन्या विहिरीच्या पोलादी नळीतूनही तो वाहतो आणि तिच्याभोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते मोजत, थोडे खणत, पुन्हा मोजत नवी विहीर पुढे सरकली. सप्टेंबरच्या मध्यावर ती जुन्या विहिरीला भिडली, सिमेंट भरले गेले आणि १९ सप्टेंबरला मकोंडो विहीर बुजल्याचे जाहीर झाले.

आज अशी टोपणे आधीच बनवून नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूर येथे तयार ठेवलेली आहेत. पुन्हा कुठे विहीर फुटली, तर टोपण नव्याने बनवत बसावे लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. पण टोपण जवळ असणे ही अर्धी तयारी. ते ज्या तोंडावर बसवायचे, त्या तोंडाशी पोहोचायला मोकळी वाट असली पाहिजे आणि बसायला जुळणारा जोड असला पाहिजे. ही सोय अपघातानंतर करायला गेले, तर काय होते ते २०१० च्या उन्हाळ्यात जगाने पाहिले. ती करायची वेळ म्हणजे विहीर खणताना, समुद्र शांत असताना. त्या दिवशी तिची गरज कोणालाच वाटत नसते.